कानशीचे दाते

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र पोचलं. "कानशीला, म्हणजे धातू घासायच्या त्या खरबरीत हत्याराला दाते पाडायचे तर छिन्नी उचलायची, ठोकायची, कानशीची कोरी पट्टी जरा सरकवायची, यात यंत्राला एवढं अडायला काय झालं?" असं विचारलंयस. चित्रकार लिओनार्दो दा विंचीलाही बहुधा असंच वाटलं असावं. त्याच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या कानस-यंत्राच्या चित्रात वजन वर चढवून सोडायचं. ते उतरताना दोर उलगडतो, आस फिरतो, हातोडा उचलला जाऊन आदळतो आणि मळसूत्र पट्टीला दातभर पुढे नेतं. कागदावर बिनतोड! तरी एकोणिसावं शतक निम्मं सरेपर्यंत चांगली कानस म्हटलं की हातचीच.

मी हट्टानं एका लोखंडी तुकड्यावर दाते पाडून पाहिले. अंगठा एकदा ठेचला, पण गोम कळली. कारागीर टोकापासून सुरुवात करायचा. पहिल्या घावाबरोबर खाचेच्या कडेला धातूचा बर, म्हणजे बारीक उंचवटा, उठतो. पुढच्या घावासाठी छिन्नी जरा अलीकडे टेकवायची आणि पुढे सरकवायची. बरला अडली की तिथेच ठोकायचं. मोजपट्टी नाही, खुणा नाहीत. आधीचा दाताच पुढच्याची जागा सांगतो. जोरात ठोकलं तर बर मोठा, म्हणून पुढचं अंतरही मोठं. सराईत हात मिनिटाला साठ-साठ घाव घालायचा, आणि टोकाकडे पट्टी निमुळती असते तिथे आपसूक हलका पडायचा.

आता तुझं यंत्र घे. मळसूत्र अंतर मोजून देतं, पण त्याला बर कळत नाही. घाव सगळीकडे सारखाच, म्हणजे निमुळत्या टोकाला खोल आणि रुंद पोटाला उथळ. पट्टी जराशी पिळलेली असली तर छिन्नीचा एकच कोपरा रुततो. शिवाय जड हातोडा आदळून उसळला की खाचेला दुसरा ओरखडा.

उपाय निघाले ते यंत्र थोडं सैल करूनच. पट्टीखालची बैठक बुडाशी गोल केली, म्हणजे ती डोलून पट्टीची पाठ छिन्नीच्या धारेला स्वतःहून जुळवून घेते. पॅरिसच्या बेर्नोच्या यंत्रात छिन्नी कॅमनं, म्हणजे फिरत्या आसावरच्या उंचवट्यानं, उचलली जायची आणि पोलादी कमान (स्प्रिंग) तिला खाली मारायची. कमानीचा दाब बदलला की घावाचा जोर बदलतो. मला विचारशील तर लिओनार्दोच्या हातोड्यापेक्षा ही कमानच मोठी.

पण खरी गंमत पुढेच. यंत्राचे दाते अगदी समान अंतरावर पडू लागले आणि तीच तक्रार झाली! अशी कानस घासताना थरथरते, कामावर लाटा उमटवते. प्रत्येक दाता आधीच्याच्याच खाचेत बसतो. हातच्या कानशीत किंचित वेडंवाकडं असायचं, म्हणून ती सफाईनं कापायची. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सच्या विल्यम निकोल्सननं, ज्यानं 1864 साली कानशींची कंपनी काढली, दात्यांमधलं अंतर टोकाकडून मध्यापर्यंत हळूहळू वाढवत नेलं, पुढे मुठीकडे कमी करत आणलं, आणि त्यातही मर्यादेत ठेवलेला बेशिस्तपणा मुद्दाम घातला. चूक मोजून घालायची, बाळ्या! त्यासाठी किती डोकं लागलं असेल!

इंग्लंडमधल्या शेफील्डचे कानस-कारागीर 1866 साली संपावर गेले, मजुरीचा वाद होता आणि यंत्रांचाही. यंत्रांना नुसतं शिव्या देणाऱ्यांत मी नाही, कारण हातकामाचंही फार कौतुक नको. पट्टी शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून ठोकायचे, म्हणजे पाडलेले दाते उलट बाजूला बोथट होत नसत. पण ते शिसं बोटांवाटे पोटात जायचं आणि कारागिरांचे हात लुळे पडायचे.

कानशीला पाणी देण्याबद्दल, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करण्याबद्दल, पुढच्या पत्रात लिहितो. दात्यांवर मिठाचा लेप लावून तापवायचे, म्हणजे टोकं जळत नाहीत, एवढंच आज सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वश्या

ता.क. तुझ्याकडची ती जुनी कानस उन्हात तिरकी धरून दात्यांकडे बघ. अंतरं सारखी दिसतात का ते कळव.