सल्ला न देणे म्हणजे टाळाटाळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुपदेशनावरील आपल्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियांत "तासभर नुसते ऐकून घेतात, उपाय काही सांगत नाहीत" अशी तक्रार दोन-तीन वाचकांनी केली आहे. अनेक वर्षे हेच काम करत असल्याने ती मला नवी नाही, आणि सर्वस्वी निराधार आहे असेही मी म्हणणार नाही.

सुरुवातीच्या काळात मीही सल्ले देत असे. नोकरी सोडावी की नाही या पेचात सापडलेल्या एका गृहस्थांना (तपशील बदलले आहेत) मी दुसऱ्याच भेटीत "सोडा" असे सांगून मोकळी झाले. त्यांनी ती सोडली आणि महिन्याभराने समोरच्या खुर्चीत बसत शांतपणे विचारले, "सोडली. आता पुढे काय करू?" लहानसहान निर्णयही वडिलांना विचारून घेण्याची सवय सुटावी म्हणून जे माझ्याकडे आले होते, त्यांच्या वडिलांच्याच जागी मी जाऊन बसले होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या दशकात 'रुग्ण' हा शब्द बाजूला ठेवून 'क्लायंट' रूढ केला, त्यामागे स्वतःच्या आयुष्याचा जाणकार तो माणूसच असतो, ही धारणा होती. (मराठीत वकिलाला अशील मिळाला, दुकानदाराला गिऱ्हाईक, आमच्या वाट्याला मात्र अजून 'क्लायंट'च आहे.) पण म्हणून समुपदेशकाने मौन धरावे असे नाही. दुसरे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस तर समोरच्याच्या अविवेकी समजुतींशी उघड वाद घालत आणि गृहपाठही देत. "मला सगळे टाळतात" असे म्हणणाऱ्याला आठवडाभर वहीत प्रत्येक प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार आणि त्याला असलेला पुरावा लिहायला मीही सांगते.

पद्धत कोणतीही असो, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडल्याप्रमाणे कशासाठी भेटायचे आणि त्यासाठी काय करायचे यावर दोघांचे एकमत हवे, शिवाय परस्परांविषयी विश्वास हवा. ऐकण्यामागचे कारण न सांगता नुसते ऐकत राहणे ही आमची चूक आहे, आणि वाचकांची तक्रार इथे रास्त ठरते. म्हणून पहिल्याच भेटीत मी कामाची रीत, भेटीची वेळ आणि गोपनीयतेची मर्यादा, म्हणजे जिवाला धोका दिसल्यास मला गप्प राहता येणार नाही हे, स्पष्ट सांगते. चार-पाच भेटींनंतर "हे उपयोगी पडते आहे का?" असेही विचारते. एका तरुणीने उत्तर दिले, "तुम्ही मान हलवता ना, तेव्हा नोटा मोजणारा कॅशियर आठवतो." ऐकायला ते सुखद नव्हते, पण आपले म्हणणे कुणी मनावर घेत नाही हेच तिचे मूळ दुखणे होते, आणि त्यावर आम्ही प्रथमच त्या दिवशी बोललो.

तक्रार करणाऱ्या वाचकांनी ती पुढच्या भेटीत आपल्या समुपदेशकासमोरच मांडावी. त्यावर तो चिडला किंवा दोष तुमच्याच माथी मारू लागला, तर खुशाल दुसरा शोधावा.

आपली,
एक समुपदेशक