पेपरात सोन्याच्या भावासोबत ओहोटीची वेळही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत दर थोड्या दिवसांनी एक लेख येतो, मुंबईपासून दोन-तीन तासांवरची वीकेंडची ठिकाणं, कुठला रिसॉर्ट, कुठला धबधबा, रूमचे रेट काय, जेवण कसं. लेख वाईट नसतो, मीही वाचते, पण तो वाचून जे खरंच निघतात ते शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि रविवारी रात्री त्याच घाटात परत अडकतात. ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा एका रात्रीचे सहा-सात हजार नाहीत ते पान उलटतात आणि मनात पक्कं करतात की निसर्ग बिसर्ग आपल्यासाठी नाही. मला हे दुसरं जास्त लागतं. कारण या शहरात लोकलच्या तिकिटात जेवढं बघायला मिळतं तेवढं भल्या भल्या हिल स्टेशनला मिळत नाही, आणि हे मी प्रेमापोटी वाढवून सांगत नाहीये.

बघा ना, बोरिवली स्टेशनवरून चालत जाता येईल इतकं जवळ सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि त्यात बिबटे राहतात. दुसऱ्या बाजूला समुद्र, खाड्या, तिवरांची झाडी. एवढं सगळं दारात असून आपण बाहेर का पडत नाही याचा मी बराच विचार केला आणि मला वाटतं की मुंबईकर आळशी वगैरे अजिबात नाही, त्याला फक्त कधी जायचं ते माहीत नसतं. समुद्रावर आपण जातो संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, समोर भरती असो की ओहोटी, भेळ खातो, फोटो काढतो, लाटा बघतो, घरी येतो. समुद्राच्या आत काय राहतं ते बघायचं असेल तर ओहोटीच गाठावी लागते, आणि ओहोटी आपल्या सोयीने येत नाही, रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते.

आमच्या सासूबाई रेवदंड्याच्या, त्यांना हे सगळं तोंडपाठ. कालनिर्णय बघायचं, तिथी बघायची, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. म्हणजे द्वितीया असेल तर दोनची पाऊणपट दीड, दुपारी दीडला भरती. तृतीयेला सव्वादोन. चतुर्थीला तीन. पौर्णिमा झाली की परत प्रतिपदेपासून मोजायचं. पूर्ण भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात पण एवढा हिशोब मुंबईत आणि सगळ्या कोकणपट्टीत चालतो, कोळी लोक आणि कोकणातले म्हातारे याच्यावरच चालतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच लांब आत जातं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला जोर नसतो. आता यातून एक सोपी गोष्ट निघते ती म्हणजे अमावस्या किंवा पौर्णिमा झाल्यावरची द्वितीया आणि तृतीया, या दोन दिवशी पाणी चांगलं आत गेलेलं असतं आणि पूर्ण ओहोटी सकाळी सव्वासात ते आठच्या सुमारास येते. त्यात रविवार आला तर मुलांना घेऊन खडकावर जायला याहून चांगली वेळ नाही.

आम्ही कार्टर रोडच्या खडकांवर जातो. माझी मुलगी तिसरीत आहे, पहिल्यांदा नेलं तेव्हा पाच मिनिटं तिला काहीच दिसलं नाही, मलाही नाही, नुसता काळा खडक आणि थोडी घाण. मग एका डबक्यापाशी बसून राहिलो, ताटाएवढं डबकं असेल, वीतभर पाणी. आधी एक शंख चालायला लागला, आत खेकडा, त्याचं स्वतःचं अंग मागून मऊ असतं म्हणून तो रिकामा शंख बघून आत राहायला जातो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतो. मग दगडाच्या कडेला समुद्रफूल दिसलं, दिसायला फूल पण आहे प्राणी, बारीक बारीक पाकळ्यांसारखे हात पाण्यात हलवत होतं आणि एक चिमुकली कोलंबी हाताला लागली तसं ते आक्रसलं. मुलगी तिथून उठेना. बाजूला खारदांड्याच्या बाजूने आलेल्या दोन कोळणी खडकावरची कालवं फोडत होत्या, त्यांनी तिला बोलावून कालव उघडून दाखवलं आणि पाणी परत फिरायला लागलं तसं आम्हाला हाक मारून सांगितलं की आता निघा, मागचा खळगा आधी भरतो. ही माहिती कुठल्या ॲपवर मिळत नाही.

तिथेच पुढे तिवरं आहेत. तिवराचं पान हातात घेऊन नीट बघा, मीठाचे बारीक कण चमकताना दिसतात, जिभेला लावलं तर खारट लागतं. खाऱ्या पाण्यात उभं राहून झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात ती त्याची श्वास घ्यायची मुळं. चिखलावर निवट्या उड्या मारत असतात, मासा असून पाण्याबाहेर फिरतात. मुलांच्या पुस्तकात एका धड्यात हे सगळं चार ओळींत असतं आणि परीक्षेत दोन मार्कांना येतं, पण इथे चिखलाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहिलं की आयुष्यभर लक्षात राहतं.

आणि फ्लेमिंगो. शिवडीच्या जेट्टीवर लोक हौसेने जातात आणि नाराज होऊन परत येतात कारण गेले ते पूर्ण ओहोटीला, तेव्हा पक्षी लांब चिखलात, नुसत्या गुलाबी रेषा दिसतात. पूर्ण भरतीला गेलं तर चिखलच पाण्याखाली. भरतीच्या आधी दोन-तीन तास गेलं तर पाणी चढत येतं तसे पक्षी किनाऱ्याकडे सरकत येतात, मान खाली घालून चोच उलटी धरून चिखलपाणी गाळताना साध्या डोळ्यांना दिसतात. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं, 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत घातलं, आपण पेपरात वाचलं, अभिमान वाटला, पण त्यातल्या किती जणांनी तो पक्षी प्रत्यक्ष बघितला? परत तोच प्रश्न, वेळेचा.

मी हे नुसत्या हौसेसाठी लिहीत नाहीये. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिली-दुसरीतल्या मुलांना चष्मे लागलेत. 2015 साली चीनमधल्या ग्वांगझू शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त उघड्यावर ठेवलं, बाकीच्या शाळा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांमधल्या 39.5 टक्के मुलांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं, बाहेर जाणाऱ्यांत 30.4 टक्के. कुठलं औषध नाही, महागडा कोर्स नाही, फक्त दिवसाच्या उजेडात बाहेर. आणि आपल्याकडे मुलं शाळेतून व्हॅनमध्ये, व्हॅनमधून क्लासमध्ये, क्लासमधून घरी. माझ्या मुलीच्या शाळेची पिकनिक वॉटर पार्कला गेली, मी मीटिंगमध्ये विचारलं की ओहोटीला समुद्रावर न्या ना, बसचा खर्चही वाचेल, तर सेफ्टीचं कारण मिळालं. सेफ्टी महत्त्वाचीच आहे, मला मान्य आहे, पण ओहोटीची वेळ बघून, पाणी फिरायच्या आत बाहेर यायचं असं ठरवून, दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवून गेलं तर अडचण कुठे येते? आमच्या जवळच्या बागेला तर भर दुपारी कुलूप असतं, मे महिन्याच्या सुट्टीत झाडाखाली बसायचं तरी कुठे, जाळीतून बाक दिसतात रिकामे.

हेही सांगायला हवं की सगळ्या दिवशी सगळीकडे जाऊ नये. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, तेव्हा बॅन्डस्टँडच्या खडकांवर सेल्फी काढायला उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, दरवर्षी माणसं जातात. जुहूला त्याच दिवसांत निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल नावाचे जीव वाहून येतात, दिसायला सुंदर पण दंश भयंकर, मुलं हात लावतात. डबक्यातला जीव घरी बाटलीत भरून आणायचा नाही, उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा कारण त्याच्या खालच्या बाजूला कुणाचं तरी घर असतं. आणि हिवाळ्यात गेटवेला, मरीन ड्राइव्हला समुद्रपक्षी येतात ना, पांढरे, कुरव म्हणतात त्यांना, त्यांना कृपा करून शेव-गाठिया घालू नका. लोक पुण्य म्हणून घालतात, मला कळतं, पण हजारो किलोमीटर उडून येणारा पक्षी आहे तो, त्याला मासे लागतात, तळलेलं बेसन नाही.

समुद्र नको असेल त्यांना नॅशनल पार्क आहेच, फक्त सोमवारी बंद असतं. कान्हेरीची लेणी बघायला सगळे जातात पण वरपर्यंत चढत नाहीत. वर चढून गेलं की कातळात खोदलेल्या पाण्याच्या पन्हळी आणि जमिनीत कोरलेल्या टाक्या दिसतात, डोंगरावर पडलेला पाऊस त्या पन्हळींतून टाक्यांत साठायचा आणि त्याच्यावर शेकडो भिक्षू वर्षभर राहायचे. दोन हजार वर्षांपूर्वीपासून. आणि त्याच जंगलाच्या हद्दीतले विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव आजही मुंबईला पाणी देतात, आपण नळ उघडतो तेव्हा कधी आठवतं का? तिथली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळा डोंगर जांभळा, 2016 साली फुलली होती, तेव्हा मला नंतर कळलं, ऑफिसमधल्या कुणीतरी फोटो दाखवला. कळलं असतं तर मी रजा टाकून गेले असते.

पक्षितज्ज्ञ सलीम अली याच मुंबईत, खेतवाडीत लहानाचे मोठे झाले. म्हणजे अगदी गिरगावच्या गर्दीत. असं एखादं पोर आजही कुठल्या तरी चाळीत किंवा टॉवरमध्ये असेल, त्याला फक्त कुणीतरी सांगायला पाहिजे की आज बाहेर काय आहे.

म्हणून तुम्हाला विनंती. पेपरात तुम्ही सोन्याचा भाव देता, शेअरचा इंडेक्स देता, राशिभविष्य देता, त्याच पानावर रोज एक छोटी चौकट द्या, आजची तिथी, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, पाणी किती मीटर. विसर्जनाच्या दिवशी तुम्ही हे सगळं पहिल्या पानावर देताच की, पावसाळ्यात उधाणाच्या तारखाही देता, म्हणजे आकडे मिळवायला काही त्रास नाही, फक्त वर्षभर रोज द्यायचे आहेत आणि कुठेतरी आत कोपऱ्यात बारीक अक्षरात न देता म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात. सोबत एक ओळ, आत्ता मुंबईत काय चाललंय. फेब्रुवारीत पांगारा आणि सावर फुलले, एप्रिलमध्ये ताम्हण आणि बहावा कुठल्या रस्त्यावर फुललाय, कुरव आले, कुरव गेले, कारवीला कळी आली. ही ओळ लिहायला मोठा तज्ज्ञ लागणार नाही, वाचकच कळवतील, मी पहिली कळवेन. आमच्या गल्लीत एक तांबट पक्षी रोज सकाळी ठोके मारल्यासारखा ओरडतो तिथपासून सुरुवात करते.

आणि ज्या रविवारी सकाळची ओहोटी चांगली असेल त्याच्या आधीच्या शुक्रवारी तेवढं ठळक छापा, म्हणजे लोकांना शनिवारी ठरवता येईल, डबा करता येईल, मुलांचे जुने बूट शोधून ठेवता येतील. रविवारी छापून उपयोग नाही, पेपर हातात येईपर्यंत पाणी परत फिरलेलं असतं.

आपली नियमित वाचक,
माहीम, मुंबई