दत्ता, गोल्फ हा चालत बघायचा खेळ आहे

परभणी,
मंगळवार

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "अरे, नुसतं चालत चालत काय बघितलंस?" तेवढ्यात तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तुटलं. तसंही ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आज शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्येच बसलोय आणि सगळं निवांत लिहितोय.

पुण्यात येरवड्याला, विमानतळाच्या रस्त्यावर, पूना क्लबचं अठरा होलांचं, म्हणजे चेंडू टाकायची अठरा भोकं असलेलं गोल्फचं मैदान आहे. तिथं पीजीटीआयची स्पर्धा होती. आपल्या देशातले व्यावसायिक गोल्फ खेळणारे वर्षभर शहरोशहरी फिरून ज्या स्पर्धा खेळतात, त्या भरवणारी ही संस्था 2006 मध्ये सुरू झाली. 2024 मध्ये कपिल देव तिचे अध्यक्ष झाले. कपिलवर तुझा किती जीव आहे ते ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. माझा भाचा या स्पर्धेत स्वयंसेवक होता. त्याचा फोन आला, "मामा, पास आहे, या." मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो.

तुला ती टोकियो ऑलिंपिकची सकाळ आठवते? 7 ऑगस्ट 2021, शनिवार. संध्याकाळी नीरज चोप्रानं सोनं आणलं म्हणून लोकांच्या लक्षात तो दिवस राहिला, पण सकाळी आपण तुझ्या दुकानात अदिती अशोकचं गोल्फ बघत होतो. जगात दोनशेव्या क्रमांकाची पोरगी, शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत, आणि तिची बॅग घेऊन चालतेय तिची आई. एका फटक्यानं कांस्य हुकलं, चौथी आली. तेव्हा नियम कळत नव्हते तरी आपल्या दोघांचा श्वास अडकला होता. त्या दिवसापासून मला हा खेळ समोर उभं राहून बघायचा होता.

आणि समोर बघितल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की टीव्ही फक्त चेंडू दाखवतो. एक खेळाडू एक डाव पुरा करायला चार-पाच तास घेतो. त्यातला प्रत्यक्ष फटक्यांचा वेळ मोजला तर काही मिनिटं भरतील. बाकी सगळं चालणं, थांबणं, वाकून जमीन बघणं, बॅगेतल्या चौदा काठ्यांपैकी एक काढणं आणि परत ठेवणं. टीव्हीवर हे सगळं कापतात. मैदानावर आपण त्याच्याबरोबरच चालतो, दोरीच्या या बाजूनं. वाईट फटका गेल्यावर माणूस पुढचे अडीचशे मीटर कसा चालतो, खांदे पाडून की हातमोजा काढून शांतपणे घडी करत, ते दिसतं. दत्ता, मी इतकी वर्षं पोरांना खेळ शिकवतोय, पण दोन फटक्यांच्या मधला माणूस इतक्या जवळून मी कधी बघितला नव्हता.

पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथं, गेलो तेव्हा गर्दी अशी नव्हतीच. क्लबातली काही वयस्क मंडळी, खेळाडूंचे आईवडील, दोन-चार लहान पोरं. एका स्वयंसेवकानं शांततेची पाटी वर धरली आणि पानांची सळसळसुद्धा ऐकू यायला लागली. मग तो आवाज. टीव्हीवर जो टक्क ऐकू येतो तो हा नव्हेच. छातीत बसतो हा आवाज. सेहेचाळीस ग्रॅमचा चेंडू, आणि मला तो दिसलाच नाही. भाच्यानं सांगितलं, चेंडूकडे बघू नका, खेळाडूची हनुवटी कुठं वळते ते बघा आणि तिकडं आभाळात बघा. तसं केलं आणि दिसला. वर, खूप वर, एक पांढरा ठिपका, आणि मग तो आपल्या शाळेच्या मैदानाच्या दुप्पट अंतरावर पडला.

मधेच लोहगावावरून लढाऊ विमान उडालं. पटिंग करणारा, म्हणजे चेंडू हळूच भोकाकडं ढकलणारा पोरगा चेंडूवर वाकलेला होता, तो सरळ झाला, आवाज विरेपर्यंत थांबला, पुन्हा पहिल्यापासून सगळी तयारी केली. चेहऱ्यावर वैताग नाही. मला ते फार आवडलं.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुझ्या वडिलांना राग येईल. आपल्याकडच्या बहुतेक गोल्फ मैदानांवर जे बर्म्युडा गवत असतं, ती आपली हरळीच. तीच, जी काळ्या रानात शिरली की पिढी खपते पण निघत नाही, जिच्यासाठी तुझे वडील उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं तापवायचे. तिला इथं माळी लोक काही मिलिमीटर उंचीवर रोज कापतात, खत देतात, तिच्यावरून रूळ फिरवतात. मी वाकून हात लावून बघितला. बाहेरच्या भागातलं गवत राठ, आणि आतलं इतकं दाट की बोट मातीपर्यंत जात नाही.

आणि मग पाण्याचा विचार आलाच. आपल्याला तो येणारच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तू टँकरच्या रांगेत उभा होतास. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं आयपीएलचे मे महिन्यातले सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले होते, आणि आपल्याला ते योग्यच वाटलं होतं. मला आजही ते योग्य वाटतं. एवढी हिरवळ बघताना माझं मन पूर्ण मोकळं नव्हतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. शहराचं सांडपाणी शुद्ध करून अशी मैदानं राखता येतात, काही ठिकाणी राखतातही. माझं म्हणणं एवढंच, की ते सगळीकडं सक्तीचं असावं. खेळावर माझा राग नाही. पिण्याच्या पाण्यावर मात्र गवताचा हक्क नाही, मग ते गवत कितीही सुंदर असो.

ग्रीनवर, म्हणजे जिथं भोक असतं त्या गुळगुळीत भागावर, तर मी तासन्‌तास उभा राहिलो असतो. भोक सव्वाचार इंचाचं. खेळाडू चेंडूमागं उकिडवा बसतो, मग भोकाच्या पलीकडं जाऊन बसतो, बाजूनं चालत पायानं उतार अजमावतो. रात्री शेतात दारं धरणारा माणूस अंधारातसुद्धा सांगतो ना, पाणी या सरीतून निघून कुठं वळणार, कुठं तुंबणार, तसं. डोळ्यांना जमीन सपाट दिसते. चेंडू सुटतो, सरळ जातो, आणि शेवटच्या हातभर अंतरात आपण कल्पनाही केली नसेल असा डावीकडं वळून आत पडतो.

तिथंच मला एक कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग घेऊन चालणारा पोरगा भेटला. मी भाच्याशी बोलत होतो, ते ऐकून मागं वळून म्हणाला, "तुम्ही परभणीकडचे का?" तो मूळचा माजलगावचा. दुष्काळाच्या एका वर्षी आईवडील बांधकामावर पुण्याला आले आणि इथलेच झाले. पोरगा शाळा सुटल्यावर बॅगा उचलायला यायला लागला. एरवी क्लबातल्या लोकांच्या बॅगा, स्पर्धेच्या आठवड्यात व्यावसायिकाची. बॅग उचलणं हा त्याच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. रोज सकाळी ग्रीनवरच्या भोकांची जागा बदलते, तिचा कागद मिळतो, त्यावरून तो अंतरं मांडतो. चिमूटभर गवत उडवून वारा बघतो. कुठल्या ग्रीनवर चेंडू दिसतो त्यापेक्षा जास्त वळतो, ते त्याला तोंडपाठ. आणि खेळाडू चिडला असेल तर किती बोलायचं, केव्हा गप्प बसायचं, हेही त्यालाच कळायला लागतं.

अशाच पोरांतून मोठे खेळाडू निघालेत. अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. 1991 मध्ये त्यानं इंडियन ओपन जिंकली, आणि ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. महूचा मुकेश कुमार कॅडी म्हणूनच सुरू झाला आणि आशियाई टूरवरचं पहिलं विजेतेपद त्यानं 2016 मध्ये दिल्लीला मिळवलं, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. श्रीमंतांचा खेळ म्हणतात, आणि काठ्यांची किंमत ऐकल्यावर ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण या खेळाचं सगळ्यात बारीक ज्ञान कुंपणाच्या आत बॅग घेऊन आलेल्या पोरांकडं आहे, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आता शुक्रवारचं सांगतो. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

चार दिवसांची स्पर्धा, सुरुवातीला सव्वाशेच्या आसपास खेळाडू. दोन दिवसांनंतर कट लागतो. सगळ्यात कमी फटके लागलेले पहिले पन्नास आणि पन्नासाव्या जागेवर बरोबरीत असलेले तेवढे पुढं जातात, बाकीचे घरी. घरी म्हणजे रिकाम्या हातानं, कारण बक्षिसाची रक्कम कट पार करणाऱ्यांतच वाटली जाते. अशा बऱ्याच स्पर्धांची एकूण रक्कम 1 कोटीच्या घरात असते, जिंकणाऱ्याला 15 लाखांच्या आसपास. ऐकायला मोठं वाटतं. पण प्रवास, हॉटेल, जेवण, कॅडीचे पैसे, सगळं खेळाडूचं स्वतःचं. मैदानावरचे निम्म्याहून जास्त लोक त्या शुक्रवारी खिशातले पैसे घालून परत जाणार होते.

मी एका पोराच्या मागं लागलो. चोवीस-पंचवीसचा असेल, चंडीगडकडचा. निवडायचं कारण असं काही नाही, त्याची आई दिसली म्हणून. ती बाई पोरापासून मुद्दाम लांब, झाडांच्या आडून चालत होती, त्याची नजर आपल्यावर पडू नये म्हणून. दर होलला थांबायची, तो खेळला की पुढं.

शेवटच्या काही होलांपैकी एकावर त्याचा चेंडू उजवीकडं झाडीत गेला. नियम असा की शोधायला तीनच मिनिटं. आधी पाच होती, 2019 पासून तीन केली. नाही सापडला तर दंड घेऊन मागं जिथून मारला तिथूनच पुन्हा. आणि दत्ता, जे बघितलं ते असं, की त्याच्या गटातले दुसरे दोघं खेळाडू आपापल्या काठ्या घेऊन त्या गवतात शिरले आणि त्याचा चेंडू शोधायला लागले. त्यांचे कॅडीही. त्या दोघांतला एक स्वतः कटच्या रेषेवर होता. याचा चेंडू हरवला तर त्याचाच फायदा. तरी चेंडू सापडला तो त्यालाच, वाळक्या पाचोळ्याखाली. त्यानं हात वर केला आणि बाजूला झाला.

समोर दोन झाडांच्या मधून एक फट होती. पोराला तिथून मारायचं होतं, त्याच्या डोळ्यात दिसत होतं. कॅडी काहीतरी हळू आवाजात बोलला. मग पोरानं काठी बदलली आणि चेंडू आडवा, नुसता बाहेर मोकळ्यावर काढला. एक फटका गेला. पण त्या फटीतून गेला नसता तर तीन गेले असते. मी कबड्डीत पोरांना नेहमी सांगतो की बोनस सोड, लाईनवर ये, आणि ते ऐकत नाहीत. इथं वर्षाची कमाई पणाला लागलेली असताना एका जवान पोरानं ते ऐकलं.

अठरावा होल संपला तेव्हा तो बरोबर रेषेवर होता. स्कोअर लिहायची पद्धतही बघण्यासारखी. इथं पंच खेळाडूमागं फिरून गुण मोजत नाही. एकानं दुसऱ्याचे आकडे लिहायचे, शेवटी दोघांनी तपासायचे, सही करायची. सही करून तो फलकासमोर येऊन उभा राहिला. दुपारचे गट अजून मैदानावर होते आणि कट तर सगळे आल्यावरच ठरतो. कुणी एक फटका वाचवला की रेषा वर सरकणार, कुणाचा गेला की खाली. म्हणजे याच्या हातात आता काही उरलं नव्हतं. मैदानावर दुसऱ्या कुणाचं चुकलं तरच याचं राहणार. तो तिथं दीडेक तास उभा असेल. एकदाही कुणाच्या नावापुढं वाईट आकडा लागला म्हणून त्याचा चेहरा उजळला नाही. ज्या खेळाडूनं चेंडू शोधून दिला होता तोही शेजारी येऊन उभा राहिला. दोघांनी एका पुड्यातले शेंगदाणे खाल्ले.

संध्याकाळी रेषा त्याच्यावरच थांबली. दोघंही आत. आई लांबूनच, फोन कानाला लावून कुणाला तरी सांगत होती.

शनिवारी सकाळी सगळे आघाडीच्या खेळाडूंची वाट बघत होते. मी सगळ्यात आधी सुटणाऱ्या गटाबरोबर चाललो, दव पडलेल्या हरळीवरून. त्या पोराबरोबर आम्ही दोघंच प्रेक्षक, त्याची आई आणि मी. तिनं मला थर्मासमधला चहा दिला. रविवारी जिंकणाऱ्याचा खेळ देखणाच होता, त्याच्या लोखंडी काठ्यांचे फटके तर मोजून ठेवल्यासारखे. पण त्याबद्दल पेपरात आलंय, ते तू वाच.

इथं आल्यापासून एक डोक्यात घोळतंय. नववीच्या पोरांना एकदा ही स्पर्धा दाखवायला न्यायची. त्यांनी गोल्फ खेळावं म्हणून नव्हे, आपल्याकडं कुठं खेळणार. त्यांनी ती तीन मिनिटं बघावीत, प्रतिस्पर्धी चेंडू शोधतो ती. मुख्याध्यापकांशी बोललोय, ते हो म्हणाले नाहीत पण नाहीही म्हणाले नाहीत. प्रवासखर्चासाठी तुझ्या व्यापारी मंडळात शब्द टाकशील का?

आणि पुढच्या वेळी तू चल. रविवार धरू नकोस, त्या दिवशी सगळेच येतात. गुरुवारी रात्री दुकान पोराकडं सोपव, लातूरहून बस पकड आणि शुक्रवारी दुपारी माझ्याबरोबर चाल. चपला नकोत, बूट घाल. टोपी आण. फोन बंद ठेवावा लागेल, तेवढं वहिनींना आधी सांगून ठेव.

बापूंना नमस्कार. हरळीचं त्यांना सांगितलंस तर काय म्हणाले ते नक्की कळव.

तुझा,
सुधाकर