बंदरदिव्याच्या दुरुस्तीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोकणातील दीपगृहे म्हटली की खांदेरीचे १८६७ मधील, देवगड किल्ल्यातील १९१५ मधील किंवा जयगडचे दीपगृह आठवते. ही दीपगृहे केंद्र सरकारच्या दीपगृह खात्याकडे असल्याने त्यांची निगा राखली जाते. परंतु भर समुद्रातील जहाजाला किनाऱ्याचा अंदाज देणे एवढेच त्यांचे काम; पुढे खडप (पाण्यातील खडक) आणि वाळूचा दांडा चुकवून मचवा खाडीत आणायचा तो लहान बंदरदिव्याच्या भरवशावर. मुंबई–गोवा प्रवासी बोटी दाभोळ, मुसाकाजी, विजयदुर्ग या बंदरांना लागत होत्या तोवर अशा दिव्यांची विचारपूस होत असे.

आमच्या खाडीच्या तोंडावरील दिवा त्यांपैकीच एक. जांभ्याचा चौथरा समुद्राच्या अंगाने पोकळ झाला आहे, लोखंडी शिडीच्या खालच्या पायऱ्या गंजून गळाल्या आहेत आणि मच्छीमारांनी पदरमोड करून बसवलेल्या सौरदिव्याची काच पुसायची तर दोर बांधून वर चढावे लागते.

जीपीएस असताना हा खटाटोप कशाला, असे काही जण विचारतात. पावसाळ्यातील लोंढ्याने वाळूचा दांडा दरवर्षी सरकतो आणि ३१ जुलैला मासेमारीबंदी संपल्यावर, दिवा कोणत्या अंगाला ठेवून आत शिरायचे हे तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) नव्याने ठरवावे लागते. यंत्रातील नकाशाला हा बदल कळत नाही. शिवाय लहान होड्यांवर असे यंत्र नसतेच.

महाराष्ट्र सागरी मंडळाकडे परवानगीचा अर्ज केला असून ती मिळाल्याखेरीज बांधकामाला हात लावला जाणार नाही. चौथऱ्याचे चिरे बदलणे, जुन्या चुन्याशी जुळेल असा चुना वापरणे आणि गंज न धरणारी शिडी बसवणे, एवढेच काम योजले आहे. नुसता रंग देऊन कोनशिला बसवण्यात समितीला रस नाही. अंदाजपत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले आहे. देणगी तेथेच पावती घेऊन द्यावी. चिरे, वाळू किंवा गवंडीकामाच्या रूपानेही मदत स्वीकारली जाईल.

मुंबईकर चाकरमान्यांना आणखी एक विनंती. बंदर खात्यात नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांच्या नोंदवह्या किंवा बंदराची जुनी छायाचित्रे घरी असल्यास त्यांच्या प्रती द्याव्यात, म्हणजे दिव्याचे मूळ रूप ठरवता येईल. काम पावसापूर्वी उरकायचे असल्याने मदत शिमग्याला गावी येताना आणावी.

आपले नम्र,
दुरुस्ती समिती व समस्त ग्रामस्थ