‘वेळ मिळाला तर’ करायची कामं

प्रिय शुभा,

नाइट ड्यूटी संपवून आले आणि चहा घेता घेता तुझं पत्र वाचलं. तुझ्या वॉर्डातल्या नवीन नर्स मुली व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे दात घासत नाहीत, ‘माउथवॉश लावलाय ना सिस्टर’ म्हणून मोकळ्या होतात, आणि त्यावरून रोज वाद होतो. झोप बाजूला ठेवून लिहायला बसलेय, कारण तुझंच बरोबर आहे आणि आता त्याला आधारही आहे.

२०२३ च्या अखेरीस ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात १५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. रोज ब्रशने दात घासलेल्या पेशंटमध्ये हॉस्पिटलात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला, आणि हा फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्यांना झाला. आयसीयूमधले मृत्यूही कमी होते. दिवसातून दोनदा घासलं काय नि तीनदा काय, फरक नाही. म्हणजे दोनदा पुरे. आता ब्रश कुणाला केला हे नर्सपासून लपवता येत नाही, त्यामुळे अशा चाचण्यांत थोडी कसर राहतेच. तरी एका साध्या ब्रशने मृत्यूचा आकडा हलावा, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

उलट, माउथवॉशमधल्या ज्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकावर मुलींचा एवढा भरवसा आहे, ते या पेशंटच्या तोंडात नेमाने लावू नये, असं अमेरिकेतल्या संसर्ग-नियंत्रण संस्थांनी २०२२ च्या सूचनांमध्ये म्हटलंय. न्यूमोनिया टळतो असं ठामपणे दिसत नाही आणि काही अभ्यासांत मृत्यू वाढल्याची शंका आली. दातांवरचा थर चिवट असतो गं, नुसत्या औषधाने सुटत नाही, घासावाच लागतो. तो राहिला की लाळेबरोबर जंतू श्वासनळीत घातलेल्या नळीच्या फुग्याच्या कडेने खाली फुफ्फुसात झिरपतात.

मुलींना हे तोंडाने सांगू नकोस, एकदा करून दाखव. डोकं उंच करायचं, फुग्याचा दाब बघायचा, सक्शन (लाळ-पाणी ओढून घेणारी नळी) चालू करून हाताशी ठेवायचं. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यायचा. नळी ज्या कोपऱ्यात बांधलेली असते तिथल्या दाढा हमखास राहून जातात. दुसरीने नळी धरली की तिथे ब्रश पोचतो. मग जीभ. परवा एका आजोबांच्या टाळूवरून वाळलेली खपली निघाली, केवढी! ती किती दिवसांची होती याचा विचार करवत नव्हता.

बीपीचंही तसंच. मागच्या महिन्यात एका बाईंचं बीपी रात्रभर चढं येत होतं. दंड जाड, आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, नेहमीच्या मापाचाच. मी आकडे लिहीत गेले, गोळी वाढली. सकाळी दुसऱ्या वॉर्डातून मोठा कफ आणला आणि आकडा झर्रकन खाली आला. मला फार लागलं ते. मग शोधून वाचलं: २०२३ च्या एका चाचणीत, ज्यांना सगळ्यात मोठा कफ हवा होता त्यांना नेहमीचा लावला, तर वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त आलं. २०२४ मध्ये हाताच्या स्थितीवर तसंच काम झालं. हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर असेल तर वरचं बीपी सुमारे ४ ने जास्त दिसतं, बाजूला लोंबत असेल तर ६.५ ने. आता मी हाताखाली उशी दिल्याशिवाय बटण दाबत नाही.

सलाईनची सुई ठरावीक दिवसांनी बदलायची की गरज पडली तरच, हेही तू विचारलंयस. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ऑस्ट्रेलियातली ३,२८३ पेशंटची चाचणी छापली. दर तिसऱ्या दिवशी सुई बदललेल्यांत आणि गरज पडली तरच बदललेल्यांत शिरेला सूज येण्याचं प्रमाण सारखंच होतं, ७ टक्के. उगाच टोचणं वाचलं, चांगलंच झालं. पण जिनेव्हाच्या मोठ्या विद्यापीठ रुग्णालयाने दर ९६ तासांनी बदलण्याचा नियम सोडला, तेव्हा सुईमुळे होणारे रक्तातले संसर्ग वाढले. नियम परत आणल्यावर उतरले. हे २०२१ मध्ये छापून आलं. माझा अंदाज असा, की ऑस्ट्रेलियात त्यासाठी नेमलेल्या नर्स रोज प्रत्येकाची जागा बघत होत्या. तारखेचा नियम काढला की तिथे कुणाचे तरी डोळे हवेत. ते नसतील तर जुना नियमच बरा, असं मला वाटतं. तुझ्या वॉर्डात दर शिफ्टला ड्रेसिंगवरून बोट फिरवून ‘दुखतंय का’ विचारणं होत असेल, तरच नवा नियम घे.

आणि हे सगळं करायला माणसं कुठून आणायची, हा तुझा प्रश्न. ऑपरेशन झालेल्या चार लाखांहून जास्त पेशंटवर नऊ युरोपीय देशांत अभ्यास झाला होता, २०१४ चा. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात निघालं. हा आकडा मॅट्रनसमोर ठेव. मुलींवर चिडण्याआधी त्यांच्या वाट्याला किती बेड येतात तेही मोज. आपण शिकाऊ असताना पहिलं काय टाळायचो, आठवतंय ना? माउथ केअरच.

शनिवारी मला सुट्टी आहे, दुपारी फोन कर. तोवर तुझ्या त्या तीन नंबरच्या बेडवरच्या मुलाचं तोंड एकदा टॉर्च घेऊन बघ आणि काय दिसलं ते सांग.

तुझीच,
मीना