मोरपंखीच्या कुंपणासाठी मुरूम, शेणखत आणि दोन उन्हाळ्यांचं पाणी हवं आहे

लातूरकरांनो, सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या पश्चिमेकडच्या भिंतीलगत १२० फूट मोरपंखी लावायची आहे. तीन फुटांवर एक याप्रमाणे ४० रोपं बसतात. रोपं द्यायला बरेचजण पुढे आलेत, त्यांचे मनापासून आभार. पण खरी अडचण मातीची आहे.

मोरपंखी पाण्याचा ताण सोसते, साचलेलं पाणी सोसत नाही. आपल्या काळ्या जमिनीत खड्डा घेऊन तो भुसभुशीत मातीने भरला, की पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं आणि निघायला वाट राहत नाही. मुळं कुजतात. झाड हळूहळू पिवळं पडतं, बघणाऱ्याला वाटतं तहानलंय, आणि तो आणखी पाणी घालतो. बहुतेक मोरपंखी अशीच जाते. म्हणून खड्डे न घेता तीन फूट रुंद, एक फूट उंच वरंबा घालू. त्याला ३६० घनफूट भर लागते. निम्मी माती जागेवरचीच आहे. तांबडा मुरूम १ ब्रास (म्हणजे १०० घनफूट) आणि शेणखत १ ब्रास हवं. शेणखत पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारंच द्या. कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. आच्छादनासाठी ट्रॉलीभर उसाचं पाचटही लागेल. ते बुंध्यापासून चार बोटं लांब पसरायचं.

रोपंच द्यायची असतील तर दीड-दोन फुटी द्या. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या पाच फुटी रोपांची मुळं गोल गुंडाळलेली असतात, ती जमिनीत पसरत नाहीत.

आता पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर आहे, त्यामुळे मोजूनच मागतो. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्यातून दोनदा १० लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा. तिसऱ्या वर्षापासून झाड बरंचसं स्वतःचं बघतं. दहा कुटुंबांनी चार-चार रोपं घेतली तर एका पाळीला ४० लिटर पडतात. घालण्याआधी बोट तीन इंच खुपसून बघा; ओल लागली तर ती पाळी सोडा.

उन्हाळ्यात पानं राखट, धुळकट दिसू लागली तर खाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर तांबूस ठिपके चालताना दिसले की लाल कोळी ही कीड पडली समजा. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आतल्या फांद्यांपर्यंत मारायला दोन माणसं लागतात. त्यासाठीही नावं द्या.

मुलांना विद्येसाठी पान हवं असतं, ते आम्ही छाटणीतून काउंटरवर ठेवू. झाडाचं तोडू देऊ नका: तपकिरी लाकडापर्यंत ओरबाडलेल्या फांदीला पुन्हा पालवी फुटत नाही.

मुरूम, खत किंवा रोख मदत १५ जूनपर्यंत काउंटरवर नोंदवा, पावती मिळेल. जुलैत दोन चांगले पाऊस झाले की लावणी. येताना फावडं-घमेलं आणा.

– वाचनालय उद्यान समिती