पेशीरोपणाच्या नावाखाली लाखोंची वसुली

महोदय,

माझा नातू तळजाई टेकडी उतरताना सायकलवरून पडला, तेव्हा दहा वर्षांचा होता. मांडीचे हाड गुडघ्यालगत मोडले. प्लास्टर निघाले, पोरगे पळू लागले, आम्ही विसरलो. पुन्हा दाखवायला या, असे कोणी सांगितले नाही. दीड वर्षाने दिवाळीची पँट अल्टर करायला नेली, तेव्हा शिंपी म्हणाला, "आजोबा, डावा पाय सव्वा सेंटीमीटर कमी भरतोय."

मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊतीची एक पातळ चकती असते, ग्रोथ प्लेट. उंची वाढते ती तिच्यामुळे. मांडीचे हाड तर सुमारे ७० टक्के गुडघ्याकडच्या टोकाशी वाढते, वर्षाला साधारण ९ मिलिमीटर. ही चकती दुखावली की तिथे कूर्चेऐवजी हाडच भरते, दोन्ही बाजू सांधणारा पूल तयार होतो आणि वाढ अडते. एमआरआयमध्ये आमच्या पोराचा तोच पूल दिसला.

मग मोबाइलवर जाहिरात आली. शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. कमरेच्या हाडातली मज्जा काढायची, त्यातल्या मूळपेशी (स्टेम सेल, ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात) गुडघ्यात सोडायच्या, चकती नवी! खर्च काही लाख. 'हे प्रयोग आहेत का?' या प्रश्नावर समोरच्या बाईंनी नुसते हसून माहितीपत्रक पुढे केले.

प्रयोगच आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. सशांमध्ये कूर्चापेशी वाढवून रोपल्यावर बऱ्यापैकी यश आले. कोकरांमध्ये मज्जेतल्या मूळपेशी घातल्या तर कूर्चेऐवजी नुसती तंतूंची गाठ झाली. या चकतीतल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रांगेत उभ्या असतात, नुसत्या ओतून ती रांग लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे ठराविक आजार सोडले तर मूळपेशींचा वापर फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) करता येतो आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. मग ही दुकाने भर रस्त्यावर चालतात कशी, याचा शोध आपल्या वार्ताहरांनी घ्यावा.

आमच्या नातवावर अखेर मुलांच्या हाडांच्या सर्जनने शस्त्रक्रिया केली. पूल खरवडून काढला आणि पोकळीत त्याचीच चरबी भरली, म्हणजे हाड पुन्हा सांधत नाही. (चरबीचा असा उपयोग ऐकून आमची सौ. माझ्या पोटाकडे बघून हसली.) फिनलंडच्या लँगेन्स्किओल्ड यांची ही पद्धत पन्नासेक वर्षे जुनी आहे. पूल चकतीच्या निम्म्याहून लहान असेल आणि वाढीची निदान दोन वर्षे शिल्लक असतील, तरच ती करतात. म्हणून वेळेवर कळणे महत्त्वाचे. सांध्याजवळ हाड मोडलेल्या मुलाचे प्लास्टर काढताना पुढच्या एक्स-रेची तारीख कागदावर लिहून देणे डॉक्टरांना इतके जड का जावे?

आमची पुढची तारीख जानेवारीत आहे. तोवर शिंप्याला डाव्या पायाच्या दुमडीत कापड जास्तीचे ठेवायला सांगितले आहे.

— एक आजोबा, सहकारनगर, पुणे